गळती ऐकणारी सळई

मित्रांनो, मी एक जुनी सळई आहे आणि फार दमले आहे, तेव्हा पाल्हाळ लावणार नाही. असं म्हणते खरी, पण म्हातारी माणसं असं म्हणूनच पाल्हाळ लावतात आणि माझंही वय झालं आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तक्रारींच्या टेबलामागे, झाडू आणि मोडक्या छत्रीच्या मध्ये मी उभी असते. बसायची सोय मला नाही. मी अंगठ्याएवढी जाड आणि माणसाच्या छातीएवढी उंच आहे. माझ्या वरच्या टोकाला लाकडाची छोटी वाटी आहे. खालचं टोक जमिनीतल्या नळावर टेकवायचं आणि वाटीला कान लावायचा. कुठे पाणी गळत असलं, तर त्याचा आवाज माझ्या अंगातून चढत कानापर्यंत जातो. एवढंच माझं काम. बाकी मला काही येत नाही.

पंपघराचं फाटक बनवून जे लोखंड उरलं, त्यातून लोहाराने मला घडवलं. फाटक होणं नशिबात नव्हतं, याचं मला सुरुवातीला वाईट वाटायचं. फाटकाला निदान दोन वर्षांनी रंग तरी मिळतो. पण सुताराने वाटी घासून घासून इतकी गुळगुळीत केली, की तिला कान लावणाऱ्याला तो पुन्हा उचलावासा वाटू नये. मग मी ज्याच्या हातात आले, तो फिटर तेव्हा तरुण होता. त्याच्या उस्तादांनी त्याला मोजकंच शिकवलं. "डोळे मीट, तोंड मीट, श्वास धर. आणि ही सळई दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस, तिची सवय मोडते." आता लोखंडाला कसली आली सवय! पण फिटरने ते बोलणं गाठीशी बांधलं, ते कायमचंच.

ते दिवस चांगले होते. फिटर रस्त्यात चार ठिकाणी मला टेकवायचा आणि पाचव्या ठिकाणी खडूने गोल काढून "इथे खणा" म्हणायचा. खणलं की पाणी त्या गोलातच सापडायचं. लोक घरातून खुर्ची आणून द्यायचे. चहा यायचा, तो अर्थात फिटरलाच. एकदा मोठे साहेब आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अख्ख्या खात्यात हिच्याइतकं कामाचं कोणी नाही." खात्यातली बाकीची मंडळी आठवडाभर माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत होती.

पुढे गळती शोधायचं यंत्र आलं. ते पेटीत आलं, पेटी कपाटात गेली, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती त्याची बदली झाली. म्हणजे यंत्राने माझी जागा घेतली असं मला म्हणता येणार नाही. पण माझीही किंमत उतरली. मी खिडकीला टेकू म्हणून उभी राहिले, रंगाचा डबा ढवळला, टाकीत अडकलेलं मांजर बाहेर काढलं. मांजराने तर माझे आभारही मानले नाहीत.

आणि याच काळात फिटरचे कान जायला लागले.

मधली नऊ वर्षं त्याची नेमणूक पंपघरात होती. तिथे दोन मोठे पंप दिवसभर बोंबलत असतात. आधी बारीक आवाज गेले, मग लांबचे. तो मला घरी घेऊन जायचा, त्यामुळे मला सगळं ठाऊक आहे. त्याची बायको स्वयंपाकघरातून तीन हाका मारायची आणि चौथ्या वेळी दारात येऊन म्हणायची, "अहो, कानात बोळे घातलेत का? डॉक्टरांकडे चला एकदा." तो म्हणायचा, "लक्ष नव्हतं गं." वॉर्डात दुसरा फिटर उरला नव्हता. कान गेलेल्या फिटरला कोण ठेवतो, ही भीती त्याच्या पोटात बसली होती. तो लोकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायला शिकला. नळाला मात्र ओठ नसतात.

गेल्या उन्हाळ्यात एका गल्लीचं पाणी अचानक कमी झालं. वरच्या मजल्यांवर नळ नुसते खाकरायचे. फिटरने कचेरीबाहेरच्या फळ्यावर लिहिलं, "दुरुस्तीचे काम चालू आहे. नागरिकांनी सहकार्य करावे." सहकार्य म्हणजे नक्की काय, हे कोणी विचारत नाही. रिकामी बादली घेऊन मुकाट उभं राहायचं असतं, असा सगळ्यांचा समज आहे.

त्या गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावरच्या एका खोलीत शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात. एकट्याच. गल्लीची पाण्याची मोठी लाइन त्यांच्या भिंतीला खेटून जाते. त्या कचेरीत आल्या आणि त्यांनी तक्रारवहीत नीट अक्षरात तक्रार लिहिली. फिटर मला घेऊन त्यांच्याकडे गेला.

"भाऊ, दुपारी मशीन थांबवलं ना, की भिंतीतून आवाज येतो," मावशी म्हणाल्या. "कुकरची शिट्टी व्हायच्या आधी कसं सूंऽऽ होतं, तसा."

फिटरने त्यांच्या नळाच्या पाइपावर मला टेकवलं आणि वाटीला कान लावला. मित्रांनो, आवाज माझ्या अंगात असा शिरला, की माझं लाकूड थरथरलं. इतका स्पष्ट आवाज मी कितीतरी वर्षांत वाहिला नव्हता. मी तो जसाच्या तसा त्याच्या कानात नेऊन ओतला. त्याने डोळे मिटले, तोंड मिटलं, श्वास धरला. मग बाहीने वाटी पुसली आणि म्हणाला, "काही नाही, मावशी. वय झालं की कान वाजतात."

"वाजतात?"

"माझ्या आईचेही वाजायचे. कापूस घाला थोडा."

तो ठरवून खोटं बोलला, असं मी म्हणणार नाही. त्याला खरोखरच ऐकू आलं नव्हतं. पण ऐकू आलं नाही म्हणजे आवाजच नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती, कारण दुसरी शक्यता त्याला कबूल करायची नव्हती. लोखंडाला शरम वाटते की नाही, मला माहीत नाही. मला वाटली.

मावशी आणखी दोनदा कचेरीत आल्या. मग टँकरच्या रांगेत लोक त्यांची थट्टा करू लागले. "काय मावशी, आज भिंतीने कोणतं गाणं म्हटलं?" त्याही हसायच्या. नंतर त्यांनी तो विषयच सोडला. कानात कापूस घालून त्या रांगेत उभ्या राहायच्या, आणि कोणी काही बोललं की आधी विचारायच्या, "खरंच बोललात ना, की मलाच वाटलं?"

इकडे गल्लीत एकामागून एक खड्डे पडत होते. फिटर मला टेकवायचा, कान लावायचा आणि मग अंदाजाने गोल काढायचा. कुठे रस्ता ओला दिसतो, कुठे पूर्वी गळालं होतं, त्यावरून. पहिला खड्डा कोरडा निघाला, दुसराही कोरडा निघाला, तिसऱ्यात टेलिफोनची जुनी तार सापडली. खणणारे मजूर एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यातल्या एकाने "द्या, मी ऐकून बघतो" म्हणून हात पुढे केला, तर फिटरने मला छातीशी धरलं. "सवय मोडते तिची," तो म्हणाला. मी नुसती उभी होते. इतकं खरं अंगात घेऊन इतकं मुकं उभं राहणं फार थकवतं, मित्रांनो.

तीन आठवडे झाले. साहेब स्वतः गल्लीत आले आणि म्हणाले, "आज सापडलं नाही, तर चार दिवस लाइन बंद करून पूर्ण गल्ली खणू." त्याच वेळी मावशी टँकरकडे निघाल्या होत्या. फिटरसमोर थांबून त्या हसतच म्हणाल्या, "भाऊ, आधी कान गेले, आता हातही गेला बघा. सरळ शिवायला जाते आणि शिवण तिरकी पडते. मशीनच डावीकडे ओढतंय."

फिटर त्यांच्या ओठांकडे बघत होता. त्याने त्यांना पुन्हा सांगायला लावलं. मग तो त्यांच्या खोलीत गेला, मला घेऊनच. मागून मावशी आल्या, साहेब आले, मजूर आले, रांगेतले चार जण आले. फिटरने मशीनवरचं दोऱ्याचं रीळ उचलून जमिनीवर ठेवलं. रीळ आपसूक घरंगळत निघालं आणि थेट मावशींच्या पलंगाखाली गेलं.

जमीन खचत होती. रोज रात्री मावशी नेमक्या त्याच जागेवर झोपत होत्या.

फिटरने घाईघाईने मला पलंगाशेजारी टेकवलं आणि कान लावला. मी माझं काम केलं. त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं, की त्याला काहीच ऐकू येत नाही. तो तसाच वाकून राहिला. तो हवा तो अंदाज सांगू शकला असता, चौथा गोल काढू शकला असता.

पण त्याने मला उचललं आणि मावशींच्या हातात दिलं.

"मावशी, तुम्ही ऐका," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही. वर्ष झालं असेल. कोणाला सांगितलं नाही."

मावशींनी कानातला कापूस काढला. त्यांनी मला कसं धरायचं, हेही त्याने दाखवलं नाही, पण त्यांनी बरोबर धरलं. सुईत दोरा ओवणाऱ्याचे हात ते. वाटीला कान लावला आणि दचकून मागे सरल्या.

"अगं बाई! केवढा हा आवाज!"

त्या पावलापावलाने सरकत गेल्या, पुन्हा पुन्हा ऐकत, आणि एका लादीवर थांबल्या. "इथे," त्या म्हणाल्या. पलंग हलवून ती लादी उचलली, तर खाली माती नव्हतीच. माणूस उकिडवा बसेल एवढी पोकळी, आणि तिच्या तळाशी फुटलेल्या पाइपातून पाणी उसळत होतं. साहेबांनी हाताने सगळ्यांना मागे सारलं. खोली तासाभरात रिकामी केली. संध्याकाळपर्यंत पाइप बदलला आणि गल्लीत पाणी आलं.

मावशी खड्ड्याकडे बघतच नव्हत्या. दाराच्या पायरीवर, शिलाई मशीनशेजारी त्या बसून होत्या. फिटर समोर येऊन उभा राहिला, तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे माझे कान वाजत नव्हते?"

त्याला कळलं नाही. त्यांनी मोठ्याने विचारलं.

"नाही, मावशी. तुमचं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं."

"तीन आठवडे मला वाटत होतं, भाऊ, की आपल्याला वेड लागतंय," मावशी म्हणाल्या, आणि खोली रिकामी केली तेव्हा न रडलेल्या त्या बाई आता पदराने डोळे पुसायला लागल्या. फिटर त्यांच्या बाजूला पायरीवर बसला.

फिटरला कोणी काढलं नाही. साहेबांनी त्याला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. लोक हसले, की बहिऱ्याला तक्रारी ऐकायला ठेवलंय. पण तो कानाला यंत्र लावतो, समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, दोनदा विचारतो आणि मग लिहितो. इतकं कोणी आमच्याकडे आजवर ऐकलं नव्हतं. मजुरांपैकी एक जण मला घेऊन फिरतो. सवय काही मोडली नाही.

आता मी थांबते. मला कोरडं ठेवा, वर्षातून एकदा तेलाचा बोळा फिरवा, असं मी सांगायला हवं, कारण आमच्यासारख्यांनी शेवटी असंच काहीतरी मागायचं असतं. पण माझं मागणं वेगळं आहे. घरातलं कोणी, शेजारचं कोणी म्हणालं की भिंतीतून आवाज येतो, तर भिंतीला कान लावून बघा. आणि मित्रांनो, तुम्हाला काही ऐकू आलं नाही, तर "मला ऐकू आलं नाही" एवढंच म्हणा.