अरुणाच्या नावचा नंबर

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर पोस्टमनने सानपाड्याच्या फ्लॅटवर अरुणाच्या हातात एक पाकीट ठेवलं. आयकर खात्याचा शिक्का बघून ती म्हणाली, "साहेबांचं असेल."

"नाव तुमचंच आहे, बाई," म्हणून तो जिना उतरला.

आत लॅमिनेट केलेलं पॅन कार्ड होतं. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, जन्मतारीख, तिचा फोटो, खाली तिची सही. अरुणाने उभ्या आयुष्यात कधी पगार घेतला नव्हता. मग कर कसला, आणि नंबर कसला? सहीकडे बघता बघता तिला आठवलं. गौरी-गणपतीच्या धांदलीत श्यामसुंदरने, तिच्या नवऱ्याने, एका कागदावर तिची सही घेतली होती. "गॅसच्या दुसऱ्या सिलिंडरचं आहे," म्हणाला होता. हात पिठाचे होते म्हणून तिने वाचलंही नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या मालतीबाईंच्या नणंदेचं असंच झालं होतं. नवऱ्याने बायकोच्या नावावर फायनान्स कंपनी काढली, लोकांच्या ठेवी गोळा केल्या आणि तो पळाला. पोलीस आले ते बायकोला न्यायला.

अरुणाने कार्ड साड्यांच्या घडीत ठेवलं आणि विचारायचं नाही असं ठरवलं. आधी तो काय करतो ते बघू. संध्याकाळी श्यामसुंदर बेलापूरच्या सरकारी ऑफिसातून आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "टपाल काही आलं का?" लग्नाला बारा वर्षं झाली, या माणसाने टपालाची चौकशी कधी केली नव्हती. ती "नाही" म्हणाली. दुसऱ्या दिवशीही त्याने तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा त्याची नजर टीव्हीवर होती, पण टीव्ही बंद होता.

मग एका दुपारी फोन आला.

"अरुणा मॅडम? निखिल बोलतोय, वाशीहून. तुमचा पॅन नंबर आला का? तो नसेल तर आमचे अकाउंट्सवाले तुमचं पेमेंट सोडणार नाहीत."

अरुणाने शांतपणे पत्ता विचारून घेतला.

वाशीच्या त्या ऑफिसात कंपन्यांना कॅलेंडरसाठी, डायरीसाठी फोटो विकत. निखिल तरुण होता, अदबशीर होता. तिला बघून तो उठून उभा राहिला. "शेवटी भेटलात! तुमचे मिस्टरच दर वेळी प्रिंट आणून देतात. बिझी असता म्हणे."

"हो, असते," अरुणा म्हणाली. पुढचं ऐकायचं होतं.

त्याने टेबलावर काळे-पांढरे फोटो मांडले. खाडी, मिठागरं, वाळत घातलेले बोंबील. आणि त्यातल्या पुष्कळ फोटोंत एकच म्हातारी होती. ओट्यावर बसलेली, जाळं विणणारी, दारात उभी. निखिल म्हणाला, "कव्हरवर या आजीच येणार. शिरवणे गावच्या ना? सगुणाबाई? पुढच्या आठवड्यात करारावर सही करा, मॅडम."

श्यामसुंदरकडे कॅमेरा होता हे तिला ठाऊक होतं. नातेवाइकांकडच्या मुंजी-बारशांना तो फोटो काढायचा. पण तो कामाला होता जमिनीच्या विभागात, आणि दर रविवारी सकाळी घराबाहेर पडायचा तो पतपेढीच्या कामाला म्हणून. गावकऱ्यांना सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात प्लॉट मिळत होते, आणि ते बाहेरचे लोक स्वस्तात लिहून घेत, हे सगळ्या नवी मुंबईला माहीत होतं. फोटो हे निमित्त असेल. त्या म्हातारीचा प्लॉट असेल, माझं नाव असेल, आणि हा नंबर त्यासाठीच असेल. अरुणाने रिक्षा केली ती थेट शिरवण्याला.

सगुणाबाईचं घर शोधायला वेळ लागला नाही. फोटोतला ओटा समोर दिसला आणि म्हातारीही त्यावरच बसलेली होती.

"कोन गो तू?"

"तुमचे फोटो काढायला येतात ना, त्यांची बायको."

म्हातारीने तिला पायापासून वर बघितलं. "त्यानी पाठवली तुला? सही करायला सांगाया आली?"

"कसली सही? त्यांनी तुमची सही मागितली?"

"अजून नाय मागितली. पन मागंल. पयला फोटूवाला येतो, मंग मोजनीवाला येतो, मंग शेत जातं. मी दोनदा बघितलंय." तिने आवाज खाली आणला. "तो सरकारी हाय ना? म्हनला नाय. पन शेजारचा पोपट बोलला, बेलापूरच्या हापिसात बसतो."

"हो," अरुणा म्हणाली. "सरकारी आहेत."

सगुणाबाई उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी श्यामसुंदर बूट काढत असतानाच अरुणा म्हणाली, "अहो, मी वाशीला जाऊन आले. आणि शिरवण्यालाही."

त्याचा हात बुटाच्या नाडीवरच थांबला.

"प्लॉट घेतलाय का त्या बाईचा? माझ्या नावावर?"

"प्लॉट?" तो हसला. "अगं, कसला प्लॉट?" त्या हसण्याने ती आणखी भडकली. मग त्याने माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. डबाभर निगेटिव्ह. सरकारी नोकराला बाहेरचा धंदा चालत नाही, तो सांगू लागला. फोटो विकायचे तर नंबर लागतो. स्वतःच्या नावाने विकले आणि कुणी वर कळवलं तर नोकरी जाईल, म्हणून तिचं नाव लावलं.

"मग मला विचारायचं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून गॅसचा कागद?"

तो निगेटिव्ह डब्यात परत भरू लागला.

"आणि त्या बाईंना काय सांगितलंत?"

"आवड म्हणून काढतो."

"विकतो, हे सांगितलंत?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. अरुणाने त्याच्या गोष्टीवर अर्धाच विश्वास ठेवला. डब्यात फोटो होते हे खरं, पण डब्याबाहेर काय आहे ते कोणी सांगावं?

सकाळी तिने निखिलला फोन केला. फोटो माझे नाहीत, करारावर सही करणार नाही, म्हणाली. निखिलने कारण विचारलं नाही. फक्त, कव्हरसाठी दुसरं कुणी बघावं लागेल, म्हणाला. श्यामसुंदर आठवडाभर तिच्याशी धड बोलला नाही. पाच वर्षांची मेहनत मातीत घातलीस, एवढंच एकदा जेवताना म्हणाला. नंतर मात्र त्याने ऑफिसातल्या साहेबांकडे फोटो विकायच्या परवानगीचा रीतसर अर्ज दिला. तो मंजूर होईल याची त्यालाही खात्री नव्हती.

रविवारी अरुणा म्हणाली, "आज मीही येते. त्या फोटोंची निगेटिव्ह घ्या बरोबर."

सगुणाबाई दारात आली, पण उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. श्यामसुंदरने कव्हरच्या फोटोची पट्टी पुढे केली. "हे तुमच्याकडेच ठेवा. हा फोटो आता कुठे छापून येणार नाही."

म्हातारीने पट्टी उन्हात धरली आणि डोळे बारीक केले. "ही मी? क्यास काले, त्वांड पांढरं!" घटकाभर तिच्या ओठांना हसू फुटल्यासारखं झालं, मग तोंड पुन्हा घट्ट मिटलं. "असली आनिक किती हायेत?"

"एवढीच," श्यामसुंदर म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तू सांग गो."

अरुणाला क्षणभर वाटलं, हो म्हणावं, नवरा शेजारी उभा आहे. पण वाशीला तिने म्हातारीचे पुष्कळ फोटो बघितले होते, आणि तो डबा पुरता बघितला नव्हता.

"आणखी आहेत. किती ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "आज घरी जाऊन सगळं बघते. सापडतील तेवढी घेऊन येते."

सगुणाबाईने पट्टी पदराच्या टोकाला बांधली, बाहेर येऊन ओट्यावर बसली आणि सरकून अरुणापुरती जागा केली. अरुणा बसली. श्यामसुंदरला कुणी बस म्हणालं नाही. तो तसाच अंगणात, उन्हात उभा राहिला.