गाडी अजून यायची आहे

"तुमच्या मुलाची गाडी? ती तर गेली की, मॅडम. गेल्या हिवाळ्यातच नेली सरांनी."

शोरूममधली ती टाय घातलेली पोरगी हे इतक्या गोड आवाजात म्हणाली, की मला वाटलं, ही दुसऱ्याच कुणाच्या मुलाबद्दल बोलतेय. मी म्हटलं, "बाई गं, नीट आठव. आमचा अजून थांबलाय. वरचे पैसे देऊन लगेच घ्यायची की नंबर लागेपर्यंत थांबायचं, हेच त्याचं ठरत नाहीये. म्हणून तर मी आलेय." ती हसली आणि तिने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे गाडी नेणाऱ्या लोकांचे फोटो लावले होते. वरच्या रांगेत माझा मुलगा. शेजारी ती लाल, बुटकी, जमिनीला चिकटलेली गाडी, हातात किल्ली आणि बत्तिशी बाहेर. "पहिल्याच दिवशी वरचे पैसे भरून मोकळे झाले," पोरगी म्हणाली. "थांबायचं नावच काढू देईनात."

मी खुर्चीत बसले. बसले कसली, कोसळलेच. अहो, मी आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होते. एकदा मोठ्या डॉक्टरांना ऑपरेशन चालू असताना चक्कर आली होती, तेव्हा पेशंट आणि डॉक्टर दोघांना मी सांभाळलं होतं. आणि आता एक फोटो बघून माझ्याच तोंडचं पाणी पळालं. पोरीने ग्लास आणून दिला, त्यातलं निम्मं पाणी मी अंगावर सांडलं.

"त्याला सांगू नकोस हं मी आले होते," एवढंच बोलून मी उठले. पर्समध्ये माझा चेक तसाच होता.

आता मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीचं डोकं फिरलंय.

आमच्या ह्यांचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं. हाताला अशी कला, की लोक लांबून गाड्या घेऊन यायचे. मुलाने दुकानात बसावं ही ह्यांची इच्छा, आणि मुलगा निघाला दातांचा डॉक्टर व्हायला. त्याने सांगितलं तेव्हा हे मशीनवरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "जा, लोकांच्या तोंडात हात घाल. पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस." तो म्हणाला, "नाही चढणार." दोघेही मेले शब्दाचे पक्के! दुकान पुढे विकलं, पायरीच उरली नाही, पण ह्यांचा अबोला काही संपला नाही.

मुलगा दर रविवारी यायचा. मला कधी अंतर दिलं नाही हो त्याने. पण दारातून थेट स्वयंपाकघरात. तिथल्या स्टुलावर बसून मला सगळं सांगायचा, कुठल्या पेशंटने बोट चावलं, कोण भूल द्यायच्या आधीच ओरडलं. आम्ही दोघं पोट धरून हसायचो. बाहेरच्या खोलीत हे रेडिओ लावून बसलेले. "आई, बाबांना विचार, गोळ्या घेतात का वेळेवर." "त्याला सांग, घेतो." मधे एक भिंत आणि भिंतीच्या दाराशी मी, टेलिफोन ऑपरेटर. इतकी वर्षं मी ही नोकरी बिनपगारी केली.

आणि या उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी तो आला तो स्वयंपाकघरात आलाच नाही. ह्यांच्या समोर जाऊन उभा राहिला. "बाबा, स्पोर्ट्स कार घ्यावी म्हणतोय. गाड्या कमी येतात. वरचे पैसे मोजले तर लगेच मिळते, नाहीतर दीड वर्ष थांबावं लागतं. तुम्हाला काय वाटतं?"

माझ्या हातातला कांदा हातातच राहिला. ह्यांनी रेडिओ बंद केला. आमच्या घरात रेडिओ बंद होणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. म्हणाले, "वरचे पैसे कशाला? गाडी काय पळून चाललीय?"

झालं! तेव्हापासून दर रविवारी हाच विषय. हे म्हणायचे, थांब, पहिल्या खेपेच्या गाड्यांत खोड्या असतात, सीटचा फोमही वर्षभरात सुधारतात. तो म्हणायचा, बाबा, वर्षभरात किंमतच वाढली तर वरचे पैसे तसेही गेलेच. हे मासिकं आणायला लागले. सीटला कुठलं कातडं शोभेल म्हणून नमुने शिवायला लागले. एका रविवारी दोघांनी भांडता भांडता बाजूच बदलल्या. हे म्हणत होते आत्ता घे, तो म्हणत होता थांबतो, आणि दोघांच्याही लक्षात आलं नाही!

मला आनंद झाला नाही का? झाला तर. पण खरं सांगू? स्वयंपाकघरातलं स्टूल रिकामं पडलं. चहा मागायला तो दारात यायचा आणि कप घेऊन परत बाहेर. पेशंटच्या गमती बंद. मला मेलीला एका न आलेल्या गाडीचा हेवा वाटायला लागला. शेवटी म्हटलं, पुरे झालं हे गुऱ्हाळ. वरचे पैसे मीच भरते माझ्या साठवलेल्यातून. गाडी येईल, विषय मिटेल, आणि पोरगं पुन्हा माझ्या स्टुलावर येऊन बसेल. एवढा हिशेब करून मी शोरूमला गेले होते.

परत येताना बसमध्ये माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी हिवाळ्यात घेतली, म्हणजे पहिला प्रश्न विचारला तेव्हा ती ह्याच्याकडे होतीच की! ज्याला थांबायला एक दिवस धीर नव्हता, तो बापाला विचारतो, थांबू का? आणि तो भोळा सांब चष्मा पुसत नमुने शिवतोय! बापाची थट्टा करतोस? दातांचा डॉक्टर झालास म्हणून बापालाच दात काढून दाखवतोस? मी इतकं पुटपुटत होते, की शेजारची बाई उठून पुढच्या सीटवर गेली. गेली तर गेली.

घरी हे टेबलाशी बसून कातड्याच्या तुकड्यावर टाके घालत होते. मी पर्स आपटली.

"ठेवा ते बाजूला."

"का गं, काय झालं?"

"ठेवा म्हणते ना! तुमचं पोरगं तुम्हाला मूर्ख बनवतंय. गाडी घेतलीय त्याने. कधीच घेतलीय. हिवाळ्यातच! मी फोटो बघून आलेय."

मला वाटलं होतं, ह्यांचा चेहरा उतरेल. पाण्याचा तांब्या हाताशी असावा म्हणून मी तो आधीच शोधत होते. ह्यांनी दोरा दातांनी तोडला आणि म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"लाल आहे. मागच्या गल्लीत लावतो आणि चालत येतो."

मी आ वासून बघत राहिले. एका दिवसात दोन धक्के या वयात कुणी सोसायचे हो?

हे सांगायला लागले. उन्हाळा संपता संपता एकदा रविवारी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले होते. समोरून लाल गाडी आली आणि मागच्या गल्लीत वळली. आतून आमचा लेक उतरला. गाडीला कव्हर घातलं, केस नीट केले आणि घराकडे चालायला लागला. हे दुकानाच्या आडोशाला उभे राहिले. तो गेल्यावर जाऊन त्यांनी कव्हर उचललं आणि काचेला नाक लावून सीट बघितल्या.

"कशा आहेत?" मी विचारलं. बघा ना, काय विचारावं आणि मी काय विचारलं!

"शिलाई बरी आहे. डोक्यामागची उशी जरा कडक आहे."

"आणि मग घरी येऊन तुम्ही त्याला सांगितलंत, थांब म्हणून?"

"हो."

"अहो, पण का? कान नाही का धरायचा त्याचा?"

ह्यांनी सुई कातड्यात खोचून ठेवली. मग म्हणाले, "कान धरला असता तर तो म्हणाला असता, चुकलं बाबा. आणि पुढच्या रविवारी गेला असता तुझ्या स्वयंपाकघरात. तुझ्याशी तो कशावरही बोलतो गं. माझ्याशी बोलायला त्याला गाडी लागते."

इतकी वर्षं भिंतीपलीकडे आम्ही पोट धरून हसायचो तेव्हा रेडिओ चालू असायचा, पण हा माणूस रेडिओ ऐकत नव्हता. हे मला तेव्हा कळलं. मी नवऱ्याचा ताप, रक्तदाब, साखर सगळं मोजलं, आणि हे मला कळलं नव्हतं! मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले. हे म्हणत होते, "अगं, कातडं भिजतंय."

पण शोरूमच्या पोरीने करायचं ते करून ठेवलं होतं.

रविवारी मुलगा आला तो पांढराफटक पडलेला. दारातच मला हळूच म्हणाला, "आई, मला फोन आला होता शोरूममधून." मी ओठांवर बोट ठेवलं. डोळे वटारले. मान हलवली. त्याचं लक्षच नव्हतं. तो सरळ ह्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"बाबा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. गाडीबद्दल."

"आधी बस."

"नाही, उभ्यानेच सांगतो. बसलो तर तोंडातून निघणार नाही. ती गाडी मी..."

"वरचे पैसे देऊ नकोस," हे म्हणाले.

"बाबा, ऐका ना. गाडी मी आधीच..."

"अरे, थांब म्हणतो ना!"

हे ओरडले. ओरडण्यात राग नव्हता, मी पैजेवर सांगते. माणूस दार बंद होताना मधे पाय घालतो, तसं ते ओरडले. मग आवाज एकदम खाली आला. "थांब. घाई कसली आहे? अजून काही ठरलेलं नाही आपलं."

मुलगा ह्यांच्याकडे बघत होता आणि मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, त्याला हळूहळू उमगतंय. "बाबा, तुम्हाला कधीपासून..."

"मला काही माहीत नाही," हे म्हणाले.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात मनात आलेलं पोटात ठेवलेलं नाही. सगळं जिभेवर आलं होतं: लाल गाडी, मागची गल्ली, बास करा ही नाटकं, मिठी मारा एकदाची आणि पोरा, तू चल माझ्याबरोबर आत. एक शब्द बोलायचा होता फक्त. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि ती मूठ माझी नव्हती, ह्यांची होती.

"हे बरोबर सांगतायत," मी म्हटलं. "नको घेऊस इतक्यात. थांब."

हे चमकून माझ्याकडे बघायला लागले. सहा महिने मी एकच पालुपद लावलं होतं ना, घे आणि मोकळा हो म्हणून.

मुलगा खुर्चीत बसला. एवढा मोठा डॉक्टर, बाहीने डोळे पुसत होता. हे खिडकीबाहेर बघत होते. मी चहा टाकायला वळले, पण पाय तिथून निघेनात.

"मग किती थांबू, बाबा?" त्याने विचारलं.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "ते असं एका बैठकीत नाही सांगता येत. पुढच्या रविवारी ये. तोवर मी विचार करून ठेवतो."