पेटी कुणाची

सकाळी पावणेदहाला म्हाळसानं पट्टा थांबवला.

तीन नंबरच्या टेबलावरची लाल कळ दाबली गेली, डाळिंबं जागच्या जागी डुलून थांबली आणि टेबलाभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांचे हात आपापल्या पेटीत गेले. कुणी काही विचारलं नाही. म्हाळसा वळसा घालून पलीकडे गेली, भरून ठेवलेल्या पेट्यांतून एक फळ उचलून तिनं बाद फळांच्या क्रेटमध्ये टाकलं, परत आली आणि पुन्हा कळ दाबली. पट्टा सुरू झाला.

वरच्या काचेच्या खोलीतून राजलक्ष्मी हे बघत होती. लासुर्ण्याच्या पुढं, रस्त्यालगतच्या या डाळिंबाच्या पॅकहाऊसची ती व्यवस्थापक. रोज बारामतीहून यायची. तीन नंबरचा पट्टा असा अधूनमधून थांबतो, हे तिनं याआधीही पाहिलं होतं. एक खराब फळ दिसलं तर ‘अहो, तेवढं काढा’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? त्यासाठी सगळा पट्टा कशाला थांबवायचा?

मालकांचा मुलगा दिग्विजय शेजारीच उभा होता.

“मॅडम, त्या बाईंना खेळायला कळ दिलीय का आपण?”

“विचारते मी, सर.”

“विचारा. शनिवारी टेबलप्रमुखांना कायम करायचंय. बाकी नावं तुम्ही ठरवा, पण पट्टा थांबवणाऱ्या बाईला मी कायम करणार नाही.”

कायम होणं म्हणजे बारा महिने पगार. हंगाम संपला की पुन्हा उसाच्या खुरपणीला जायला नको. तीन नंबरची प्रमुख म्हाळसाच होती. तिची मुलगी यंदा बारावीला होती. तिला पुढं बारामतीला शिकायला ठेवायचं की घरी बसवायचं, ते या कायम होण्यावर ठरणार होतं. ही गोष्ट म्हाळसानं कुणाला सांगितली नव्हती, पण सगळ्या पॅकहाऊसला ठाऊक होती.

जेवणाच्या सुट्टीत राजलक्ष्मी टाकीपाशी गेली. तिथं बायका डबे धूत होत्या.

“म्हाळसाताई, पट्टा का थांबवता?”

“खराब माल जातोय म्हून.”

“मग ज्याचं त्याला तोंडानं सांगायचं की.”

म्हाळसा डब्याचं झाकण पुन्हा धुवायला लागली. उत्तर तिच्याच टेबलावरच्या छबूबाईनं दिलं.

“ती कशी सांगंल, मॅडम? आमच्या टेबलावरलं सावळाराम तिचं थोरलं दीर हायत. लगीन होऊन अंथुर्ण्यात आली तवापासनं त्यांच्याशी एक सबूद बोलली न्हाय. घरी चहा झाला की भांडं आपटती, मग त्यांस्नी कळतं.”

“छबूमावशी, गप की.”

“का? खोटं हाय व्हय? घरी भांडं, हितं पट्टा!”

शेजारी पाणी पिणाऱ्या साजियाला असं हसू आलं की तिला ठसकाच लागला.

थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही ही रीत राजलक्ष्मीला नवी नव्हती. आत्याच्या घरी तिनं ती पाहिली होती. पण ती रीत पट्ट्यापर्यंत येऊन पोचेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. टेबलं तिनंच लावली होती. कुणाचा हात चपळ, कुणाची नजर बारीक, एवढंच पाहून. कोण कुणाचं कोण लागतं, हे तपासायची गरज तिला वाटली नव्हती.

म्हणजे उपाय सोपा होता. दुपारनंतर तिनं सावळारामला एक नंबरच्या टेबलावर, चाँदभाईंच्या हाताखाली दिलं.

“पाठवा की,” चाँदभाई म्हणाले. “सावळारामभाऊ शांत गडी. आमच्या टेबलावर सगळे पोपटच भरलेत.”

सावळारामनं आपला ॲप्रन सारखा केला. पिकल्या मिशांचा, सावकाश हालणारा माणूस.

“माझं काय चुकलं का, मॅडम?”

“नाही हो, काका. नुसती अदलाबदल.”

दुसऱ्या दिवसापासून तीन नंबरचा पट्टा थांबेना. म्हाळसाला जणू वाचा फुटली. “साजिया, डाग हाय बघ.” “मावशी, तडा गेलाय त्याला.” दिग्विजयनं खाली येऊन मान डोलावली. राजलक्ष्मीला स्वतःचं थोडं कौतुक वाटलं.

आणि गुरुवारी तीन नंबरच्या पेट्या तपासणीतून परत आल्या. आत डागाची फळं होती. आधी या टेबलाची पेटी क्वचितच परत यायची. शुक्रवारी आणखी आल्या.

हे कोडं तिला वर बसून सुटेना. शुक्रवारी सकाळी ती टेबलाजवळच, कागदाच्या गठ्ठ्यांशी उगीच काहीतरी करत उभी राहिली.

“साजिया, डाग,” म्हाळसा म्हणाली.

“कुठाय? पान्याचा ठिपका हाय त्यो.”

“पुसून बघ.”

साजियानं पुसलं. डाग गेला नाही. तोंड वाकडं करून तिनं फळ काढलं. छबूबाई गालात हसली.

“आज साजियाचा नंबर लागला बया!”

छबूबाईचे हात पेटी भरतच होते. बाकीच्यांचेही. चूक साजियाची होती, सापडली होती, मिटली होती. आपल्या पेटीत डोकावायचं कुणालाच कारण उरलं नव्हतं.

राजलक्ष्मीला पट्टा थांबल्यावरचे ते हात आठवले. कुणाचं चुकलंय ते कळायचं नाही, म्हणून जो तो आपली पेटी चाळायचा. म्हाळसा एक फळ काढायची. पण तेवढ्या वेळात खाली माना घालून बाकीच्यांनी किती काढली, ते वरून कधी दिसलंच नव्हतं.

तिनं म्हाळसाला बाजूला घेतलं.

“तुम्ही फक्त काकांसाठी थांबवत होता की सगळ्यांसाठी?”

“सगळ्यांसाठीच की. बाकीच्यांना तोंडानं सांगायचं आन त्यांच्या टायमालाच कळ दाबायची, म्हंजे त्यांचं नाव घेतल्यागतच झालं.”

“मग आताही तसंच करा. ते नसले म्हणून काय झालं?”

“काल एकदा केलं, मॅडम. दाबली कळ. समदी माझ्या तोंडाकडं बघत बसली, कुणाचं म्हून. साजिया म्हनली, आता तोंड हाय की तुला, कशाला भाव खातीस?” म्हाळसानं एक नंबरच्या टेबलाकडे मान वळवली. “त्यांस्नी परत आणा.”

“मग पट्टा थांबणार. आणि उद्या शनिवार आहे.”

“ठाऊक हाय.”

“पेट्यांचं मी सरांना दाखवून देईन. पण ते ऐकतीलच असं नाही.”

“ठाऊक हाय म्हनलं की,” म्हाळसा म्हणाली आणि टेबलाकडे गेली.

दिग्विजयनं परत आलेल्या पेट्या बघितल्या, कपाळाला आठी घातली आणि ‘सकाळी बघू’ म्हणाला. मग राजलक्ष्मी एक नंबरच्या टेबलाकडे गेली. सावळाराम हात पुसत होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मॅडम, मला हलवलं आन पट्टा थांबायचा बंद झाला. कुणामुळं थांबत हुता ते समद्या पॅकहाऊसला कळलं. मला बी तवाच कळलं. आता मी परत गेलो आन तिनं कळ दाबली, तर माणसं आपल्या पेटीत बघतील का माझ्या?”

अदलाबदल करताना हा प्रश्न राजलक्ष्मीनं स्वतःला विचारलाच नव्हता.

“आधी मला वाटायचं, दुसऱ्या कुणाचं तरी असंल,” तो मिशीत हसला. “तरी आपली पेटी बघायचो. निघायचं बी एखादं. हितं चाँदभाई तोंडावर बोलतो. त्ये बी वंगाळ न्हाय. निदान कळतं तरी.”

“घरी काही विषय झाला का?”

“घरी? आज भांडं वाजलं न्हाय. चहा गार झाल्यावर दिसला.”

“मग येणार का परत?”

“तिला काय पायजे त्ये तिनं सांगावं,” तो म्हणाला. “तुमच्याकडनं नको.”

हा निरोप राजलक्ष्मीनं म्हाळसाला दिला नाही. द्यावा की नाही ते तिला संध्याकाळपर्यंत ठरवता आलं नाही. पण चाँदभाईंच्या टेबलावर बोललेलं काही लपून राहत नसे.

शनिवारी सकाळी अंथुर्ण्याची जीप आली. सावळाराम पुढं, ड्रायव्हरशेजारी. म्हाळसा मागं, बायकांत. दिग्विजय आधीच वरच्या खोलीत येऊन बसला होता.

खाली मोठे पंखे सुरू झाले. माणसं आपापल्या टेबलाला लागली. सावळाराम एक आणि तीन नंबरच्या टेबलांमधल्या नळावर हात धुवायला थांबला. तीन नंबरवर म्हाळसा उभी होती. कुणीही न सांगता छबूबाई थोडी सरकली होती. मध्ये एका माणसापुरती जागा झाली होती.

म्हाळसा नळाच्या दिशेनं वळली आणि थेट सावळारामला काहीतरी म्हणाली. एकच वाक्य असावं. छबूबाईचे हात थांबले. साजियानं चाँदभाईंकडे बघितलं. चाँदभाईंनी मान खाली घातली.

“काय म्हणाली ती?” दिग्विजयनं विचारलं.

“पंख्यात ऐकू आलं नाही,” राजलक्ष्मी म्हणाली.

सव्वानऊला दोन्ही टेबलांचे पट्टे सुरू झाले. सावळाराम तेव्हाही नळापाशीच होता. त्याचे हात कधीच धुऊन झाले होते. पाणी वाहत होतं.