दोन बटणं

बाबांना दिसत नव्हतं. फोन पडदा वाचून दाखवायचा, ते बोट सरकवत ऐकायचे. छातीत कळ आली तेव्हा त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्सचं अ‍ॅप उघडलं. त्यावर दोन बटणं होती, एक गाडी बोलावण्याचं, दुसरं रद्द करण्याचं. फोन दोन्हींना नुसतं "बटण" म्हणाला. बाबांनी पहिलं दाबलं, खात्री वाटेना म्हणून दुसरंही दाबलं. गाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरली. बाबा गेले.

तक्रार केली तशी अ‍ॅपच्या कंपनीने मला बोलावलं. अ‍ॅपवाल्यांना पडद्यावरची तयार बटणं बनवून देणारी बाई म्हणाली, "ताई, आमचं बटण निर्दोष आहे. फोनने वाचायचं नाव अ‍ॅपवाल्यांनी भरायचं असतं."

अ‍ॅपवाला उसळला, "सगळं भरलेलंच असणार म्हणून तर तयार घेतलं!"

तासभर हीच टोलवाटोलवी. बाप माझा गेला होता आणि हे दोघं हात झटकत बसले होते! मी ते अ‍ॅप उघडून बाबांचा फोन टेबलावर आपटला.

"मिटा डोळे. छातीत कळ आलीय असं समजा."

बाईने चाचपडत बोट ठेवलं. "बटण," फोन म्हणाला. अ‍ॅपवाल्याने बोट सरकवलं. "बटण."

"आता दाबा."

दोघांनीही बोटं मागे घेतली.

"आधी तुम्ही," अ‍ॅपवाला बाईला म्हणाला.