चार नंबरच्या खोलीची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किल्ली आहे. कुठली, असे मात्र पटकन विचारू नका. तिथेच माझा सगळा गोंधळ आहे.

ज्या गावात मी राहत असे, त्याच्या एका अंगाला समुद्र होता आणि दुसऱ्या अंगाला तळे. मधल्या घरात एक मालकीणबाई सुट्टीला येणाऱ्यांना खोल्या देत. मी चार नंबरच्या खोलीची. तिला दोन खिडक्या होत्या, एक खारी आणि एक गोडी. वारा कुठून येतो आहे, ते मला कधीच कळले नाही.

एका सुट्टीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई, त्यांचे यजमान आणि लहान मुलगी आली. मुलीने माझा लाकडी बिल्ला होडी म्हणून तळ्यात सोडला आणि तो परत आलाच नाही. निघताना बाईंनी घरच्या सवयीने कुलूप तीनदा ओढून पाहिले आणि मला पर्समध्ये टाकले. बस हॉर्न देत होती. घाईत हाताला लागलेली किल्ली त्यांनी मालकीणबाईंना दिली.

संध्याकाळी शिवणाऱ्या बाईंच्या घराच्या दारात मी कुलपात शिरले, पण फिरेना.

"अहो, ही फिरतच नाही!"

"फिरेल कशी? खाऱ्या हवेने हिरवी पडलीय. आपली किल्ली तिकडेच राहिली. चला, आता चार नंबरमध्येच संसार थाटू!"

मुलगी हसली. बाई हसल्या नाहीत. कुलूप फोडावे लागले.

"टपालाने पाठवून दे तिला," यजमान म्हणाले.

"टपालाने कशाला? पुढच्या सुट्टीत मीच नेऊन देईन."

ती सुट्टी बावीस वर्षे आली नाही. मी बटणांच्या डब्यात राहिले. बाई मला लिंबाने घासत. शिवणयंत्र सुरू झाले की मला वाटे, लाटा आल्या.

मग यजमान गेले. एके दिवशी मुलगी आईला घेऊन त्या गावी निघाली. मालकीणबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण कुलूप तेच होते. खोलीच्या जादा किल्लीवर त्या भागवत होत्या.

"मीच उघडते," बाई म्हणाल्या.

"जोर करू नका हं, मोडेल ती," मालकीणबाई म्हणाल्या.

बाईंनी मला कुलपात घातले. मी अडले. मग कुरकुरले. आणि फिरले! बाई गोड्या खिडकीशी जाऊन बसल्या. यजमान तिथेच बसत असत.

"तुमची किल्ली जपून ठेवलीय हो. घेऊन जा."

"तिचं कुलूप कधीच गेलं. राहू दे तिला इथेच."

आता आम्ही दोघी एकाच खिळ्यावर असतो. ती मला तिच्या घराविषयी विचारते. मी सांगायला लागते आणि मध्येच शंका येते, मी तिच्या घराचे सांगते आहे की माझ्या?

तेव्हा मित्रांनो, एखाद्या डब्यात जुनी किल्ली सापडली, तर फेकण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, ही कुठली. उत्तर लगेच आले नाही, तर थोडे थांबा.