ए. लोकेन आणि ए. लोकेन

"एकच नाव दोनदा आलं होतं, आर्विड. मी एक काढायला लावलं," म्हणत विभागप्रमुख क्रेगने सन्मानचिन्हाचा नमुना पुढे सरकवला. पितळी पट्टीवर कोरायचा मजकूर होता : विद्यापीठातील सर्वाधिक उल्लेखला गेलेला शोधनिबंध, ए. लोकेन.

"दोनदा नव्हतं आलं. एक मी, एक अल्मा."

"अल्मा कोण?"

आता यात क्रेगचा तरी काय दोष? तो इथे रुजू झाला तेव्हा अल्मा जाऊन बरीच वर्षं झाली होती. "माझी बायको," एवढंच तो म्हणाला. उत्तर मिनेसोटातली माणसं याहून जास्त बोलत नाहीत. घराला आग लागली तरी जरा ऊब वाढलीय म्हणतील. क्रेगने मान हलवली, वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि पट्टी कालच कोरायला गेल्याचंही सांगितलं.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं दोघं थंडगार ओढ्यांत गुडघाभर पाण्यात उभे राहून दगड उलटत आणि खालचे किडे मोजत. किडे मेले रांगेत थोडेच बसतात! एका दगडाखाली ही झुंबड, शेजारच्या दहांखाली शुकशुकाट. मग थोडेच दगड उचलून अख्ख्या ओढ्याचा अंदाज बांधायचा कसा? ते गणित अल्माने सोडवलं, तेही स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चुलीवर बटाटे उकडत ठेवून. नवरा-बायकोला एका विभागात घ्यायचं नाही असा तेव्हाचा नियम होता. त्यामुळे आर्विडला खुर्ची मिळाली आणि तिला ते टेबल.

पुढे दोघांच्या नावाने निबंध छापला, पण किड्यांच्या अभ्यासकांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुष्कळ वर्षांनी मात्र तो एका डॉक्टरच्या हाती लागला. शरीरातल्या पेशीही अशाच घोळक्याने राहतात म्हणे. मग जंगलवाले आले, मासेवाले आले, शहरातली भटकी मांजरं मोजणारेसुद्धा आले. फक्त त्या पहिल्या डॉक्टरला 'ए. लोकेन आणि ए. लोकेन' ही छपाईची चूक वाटली, आणि त्याने एक लोकेन उडवला. पुढच्यांनी मूळ निबंध उघडायची तसदी घेतली नाही. एकाचं पाहून दुसऱ्याने उतरवलं, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्याने. शहाणीसुरती माणसं सगळी!

आर्विड ग्रंथालयात गेला. तिथली डेलिया नावाची मुलगी उल्लेखांच्या मोजणीचं काम बघायची. अल्माचं नाव घालता येईल का, एवढंच त्याने विचारलं. तिने मन लावून अल्माच्या नावाचं वेगळं पान उघडलं, यंत्राला शोधायला लावलं, आणि मग पडदा त्याच्याकडे वळवला.

"यंत्राला जे छापलंय तेच कळतं हो," ती म्हणाली. "तुमच्या नावावर हजाराच्या वर आहेत. दोन्ही नावं लिहिणारे तिघंच निघाले."

"तिघं."

"काहीच नसण्यापेक्षा बरं ना?"

"बरंय की," आर्विड म्हणाला. ती भली पोर होती. तिच्यावर कशाला चिडायचं?

समारंभाला केक होता आणि नेहमीची पाणचट कॉफी. बोलायची वेळ आली तेव्हा आर्विडने जन्मात केलं नव्हतं एवढं स्पष्ट भाषण केलं. "हे गणित माझं नाही. मी दगड उचलले. गणित अल्माचं आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे टिपले. क्रेगने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, बायकोबद्दल असं बोलणारा नवरा आता कुठे पाहायला मिळतो! आर्विड बघतच राहिला. तो माहिती सांगत होता, आणि लोकांना ते प्रेम वाटलं होतं. प्रेम होतंच, पण आज ते सांगायला तो उभा राहिला नव्हता.

सन्मानचिन्ह त्याने गाडीच्या मागच्या सीटवरच ठेवलं. घरी रात्रीचं जेवण डब्यातलं सूप. बोलायला कुणी नव्हतं, आणि बोलायचं होतं तेही जिच्याशी, तीच नव्हती.

बर्फ वितळल्यावर तो एकटाच जुन्या ओढ्यावर गेला. गुडघे कुरकुरत होते, तरी जमतील तेवढे दगड त्याने उलटले. त्यावर एक पानभर टिपण लिहून जिल्ह्यातल्या छोट्याशा नियतकालिकाला धाडलं. ते कोण वाचणार, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. टिपणाच्या शेवटी संदर्भ एकच होता, दोन नावांचा. तिघांचे चार होतील, एवढाच त्याचा हिशेब.

महिन्याभराने तपासायला मुद्रितं आली. बाकी सगळं जसंच्या तसं होतं. फक्त शेवटच्या ओळीत दुसऱ्या लोकेनवर कुणीतरी नीटनेटकी लाल रेघ मारली होती, आणि बाजूला विचारलं होतं : नाव चुकून दोनदा?

आर्विड स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी बसला. चष्मा पुसला. रेघेखाली 'खोडू नका' या खुणेचे ठिपके देऊन त्याने समासात सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं :

चूक नाही. आम्ही दोघं होतो.