ओकळीचं पाणी

उदगीरच्या त्या मंगल कार्यालयात महाराजांच्या शिबिराला पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या नजरा महाराजांच्या हातातल्या पांढऱ्या फडक्यावर होत्या. महाराजांनी समोरच्या बाईच्या तळव्यावर ओली हळद चोळली, फडकं बादलीत बुडवून पिळलं आणि हात पुसला. फडकं लालभडक!

"बघा! इंग्रजी गोळ्यांचं विष! मेंदूत दडून बसलं होतं, आमच्या हळदीला भिऊन बाहेर पळालं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या माणसाचा हात नव्या फडक्यानं पुसला, तर फडकं पिवळंच. त्यानं जन्मात अशी गोळी खाल्ली नव्हती. आणखी पुरावा कशाला हवा?

तिसऱ्या रांगेत बसलेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मल्लम्मांनी मात्र टाळी वाजवली नव्हती. शेजारी नात सुकन्या. दोन वर्षांपूर्वी तिला जवळ कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले होते. लातूरच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी पोर माणसांत आली, पुन्हा शिकवण्या घेऊ लागली. मध्ये एकदा तिनं मनानंच गोळ्या सोडल्या, तर महिन्याभरात रेल्वे स्टेशनवर अनवाणी सापडली. आणि आज तिच्या बापानं, राजशेखरनं, तिच्या गोळ्यांचं पाकीट महाराजांच्या पत्र्याच्या डब्यात टाकलंही होतं.

"अव्वा, पोरीचं लग्न करायचंय. गोळ्या खाणारी कोण करून घेईल?" तो आईला समजावत म्हणाला.

"आन् स्टेशनावर सापडणारी करून घेतेत व्हय रं?"

मल्लम्मांची नजर त्या लाल रंगावरून हलेना. रंग ओळखीचा होता. पाहिला कुठं?

आईच्या परातीत! लग्नघरी आई हळद कालवायची, त्यात बोटभर चुना टाकायची, की पिवळं पाणी लाल व्हायचं. ती ओकळी. नवरानवरीवरून ओवाळून टाकायची. मल्लम्मा लहानपणी त्यात हात बुडवून धाकट्या भावाला "रगत, रगत" म्हणून भिववायच्या. हल्ली पुडीतला रंग येतो, म्हणून तर एवढ्या माणसांत कुणाला आठवलं नाही.

मग बाकीचंही उलगडलं. दारात शिष्य प्रत्येकाला विचारत होता, "गोळ्या चालू हायत का?" हो म्हणणारा डावीकडं, नाही म्हणणारा उजवीकडं. आणि बादल्याही दोन होत्या: एक चुन्याच्या पाण्याची, एक साध्या.

सुकन्याचं नाव पुकारलं. मल्लम्मांनी पानाच्या डबीतला चुना तळव्याला फासला आणि नातीच्या आधी पुढं झाल्या.

"महाराज, आधी म्हातारीला पाया पडू द्या."

महाराजांचा हळदीनं माखलेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरून चांगला चोळला. सोडला, तर लालबुंद!

"अगं बया! महाराज, तुमी कंच्या डॉक्टरच्या गोळ्या खायलाव?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"म्हातारीला बाधा आहे!" महाराज ओरडले.

"बाधा न्हाई, चुना हाय. लोकांना तुमी लावला, मी नुसता दाखवला."

चुन्याची डबी रांगेतून फिरली. ज्यांनी कधी गोळी पाहिली नव्हती त्यांच्या हळदीच्या हातांवरही 'विष' उगवलं. तेवढ्यात महाराज मागच्या दारानं पसार झाले.

राजशेखर खाली मान घालून म्हणाला, "पण अव्वा, महाराज चालणं, प्राणायाम सांगत होते, ते तर चांगलंच की."

"चांगलंच हाय. डॉक्टरीणबाईबी म्हणतेत, सकाळी चाल, येळेवर नीज, भजन म्हण, मनातलं बोल. पर गोळीसंगट! कालवण झ्याक झालं म्हणून भाकर फेकून देतूस का?"

"आणि गोळीनं त्रास झाला तर मी बाईंनाच सांगते, बाबा," सुकन्या म्हणाली. "मागं झोप फार यायची, तेव्हा त्यांनीच बदलून दिली."

ती डब्याशी गेली. आत पाकिटांचा ढीग. त्यातलं एक तिनं वर काढलं. "ह्या गोळ्या कुणाच्या?" तिनं विचारलं. कुणी हात वर करेना. मनाचं दुखणं आपलं म्हणायची लाज!

सुकन्यानं मग आपलं पाकीट शोधून उचललं, हात उंच केला. "ह्या माझ्या."

मग एक हात वर आला. मग दुसरा. मग रांगच लागली.

साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या आपण चारचौघांत खातो. मग मनाच्या गोळीलाच लाज का? चाला, गा, देवाचं नाव घ्या. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. आणि कुणाच्या हातात हळद लाल झालीच, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा: चुना कुठाय?